शेवटच्या घरचं पाणी

दर मंगळवारी सकाळी पनागरहून एक म्हैस जबलपूरच्या अधारतालला शिकवायला यायची. साता समुद्रापलीकडून आलेली गोरी पोरं-पोरी पायजमे गुडघ्यापर्यंत वळून तिच्याभोवती उकिडवी बसत. आमचे सर सुटाबुटात, डोक्यावर छत्री धरून, टायवर माशी बसणार नाही इतक्या अंतरावर उभे राहत आणि म्हणत, "हे आपलं पहिलं पाठ्यपुस्तक. मागच्या बाजूनं उघडायचं नाही."

म्हशीचा मालक मोठा व्यवहारी माणूस होता. येता येता तो मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांना रतीब घालूनच येई. त्यामुळे आमच्या केंद्रात म्हैस पोचेपर्यंत तिच्याजवळ देण्यासारखं शेणाखेरीज काही उरलेलं नसे. कपभर दूध निघालं की पोरं टाळ्या वाजवत. भारतातल्या दारिद्र्याचं मूळ म्हशीतच आहे, असं आपण घरी पत्रात कळवल्याचं एक मुलगी स्वतःच सांगत होती.

हे केंद्र म्हणजे परदेशी स्वयंसेवकांना खेड्यात पाठवण्याआधी खेडं शिकवण्याची जागा. राज्यांची नवी मांडणी होऊन काही वर्षं झाली होती. नागपूर तिकडे गेलं, आम्ही जबलपूरचे मराठी लोक इकडे राहिलो, आणि आमच्या फायली भोपाळला जायला लागल्या. सर म्हणत, फाइल आधी नागपूरला हरवायची, आता भोपाळला हरवते, प्रगती म्हणतात ती हीच. मी तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. वडील शहरातच रांझीला फॅक्टरीत कामाला होते, आणि मीही तिथेच चिकटावं अशी घरची इच्छा होती. त्याऐवजी मी या केंद्रात हिंदी शिकवायला लागलो. आमच्या घरात हिंदी बोलली जाई ती नागपुरी मराठीत बुडवून काढलेली. परिणाम असा झाला की माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक गोरा "क्यों" न म्हणता "काहून" म्हणायचा. सागर-दमोहकडच्या खेड्यांतून चौकशी यायची की हे साहेब लोक नागपूरचे आहेत काय.

सर केंद्राचे प्रमुख. मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्यासारखेच. खेड्यावर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खेड्यात जायला त्यांच्याइतका टाळणाराही. तपासणीला जायचं निघालं की त्यांचं पोट बिघडे. जीप निघून गेली की ते बरं होई. मे महिन्यातही कोट, टाय, चकाकणारे बूट. ते कधी जमिनीवर बसत नसत. "मांडी घाला, पाठ सरळ, हेच आसन दोन वर्षं," असं वर्गाला सांगत स्वतः फेऱ्या मारत. खांद्याला एक खाकी कापडात शिवलेली पाण्याची बाटली लटकलेली असे, पलटणीत असते तशी. बाहेरचं पाणी ते पीत नसत. केंद्रातल्या माठाचंही नाही. मात्र कोणी स्वयंसेवक खेड्यात जाताना स्वतःची बाटली घेऊन निघाला तर ती फाटकाशी काढून घेत. खेड्यात आपलं पाणी घेऊन जाणं म्हणजे लग्नाला डबा घेऊन जाणं, असं त्यांचं म्हणणं.

कंपाउंडात एक नकली खेडं होतं. ठेकेदारानं ते फार मन लावून बांधलं होतं: सिमेंटच्या झोपड्या, सिमेंटवर शेणाचा सडा, मधोमध विटांची विहीर आणि विहिरीच्या आत नळ. नळाला पाणी आलं की विहिरीतून शिट्टी वाजे. भोपाळहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्या विहिरीत वाकून बघितलं आणि भूजल चांगलं आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. झोपड्या ठेकेदारानं गोल मांडल्या होत्या. सरांनी आल्या आल्या त्यातली एक पाडायला लावली आणि पार कुंपणाशी, नाल्याच्या काठी पुन्हा बांधून घेतली. का, ते कोणाला सांगितलं नाही. माळ्याची बायको तिथे दुपारची तांदूळ निवडत बसायची. आम्ही त्याला सरांची लहर म्हणून सोडून दिलं.

या नकली खेड्यात मी पटेल असायचो. आमच्या भागात गावच्या मुख्य माणसाला पटेल म्हणतात. स्वयंसेवक फाटकातून आत यायचा, मी विहिरीजवळच्या झोपडीत खाटेवर बसलेलो असायचो, आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे त्याला विचारायचो: नाव काय, पूर्ण नाव काय, गाव कोणतं, बाप काय करतो, कोण लोक? या शेवटच्या प्रश्नाशी गाडी अडायची. "कौन लोग?" म्हटलं की एक म्हणायचा, अच्छे लोग. दुसरा म्हणायचा, गणित के लोग, कारण तो कॉलेजात गणित शिकला होता. एक मुलगी विचार करून म्हणाली, थोडे लोग, हम सिर्फ चार हैं. सर कोणालाच हसत नसत. म्हणत, उत्तर काही द्या, प्रश्न पाठ ठेवा, कारण तुम्हाला नाही विचारला तरी तुमच्या शेजारी उभ्या असलेल्याला विचारतील. मग मी पितळी पेल्यात पाणी पुढे करायचो. स्वयंसेवक घटाघटा प्यायचा, मिशीवरचं पाणी पुसायचा आणि आशेनं सरांकडे बघायचा.

"नापास," सर म्हणायचे.

एवढंच. कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत. कोणी पेला उजव्या हातानं घेऊन बघे, कोणी डाव्या, कोणी वरून ओतून पिई, एकानं तर पेल्याला नमस्कार केला. सगळे नापास. जो पास होत नाही त्याला खेडं मिळत नाही, असा सरांचा नियम होता, आणि भोपाळहून हुकूम यायला लागणारा वेळ बघता त्या नियमानं कोणाचं फारसं नुकसान होत नसे. हुकूम आला तरी तो कोंबड्या पाळायला शिकलेल्याला शाकाहारी ब्राह्मणांच्या गावात पाठवायचा आणि मासे वाढवायला शिकलेलीला डोंगरावर. काही थोडे पास न होताच वरून वशिल्यानं गेले. बाकीचे वाट बघत बसत. वाट बघणं हा सरांच्या मते अभ्यासक्रमातला स्वतंत्र विषय होता. "वाट बघता आली की अर्धं खेडं आलं," ते म्हणत.

हा विषय एकाला मुळीच जमत नव्हता. त्याचं नाव पीटर. हा पोरगा स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. म्हशीचं गुपित त्यानं पहिल्याच मंगळवारी ओळखलं, पण मालकाशी त्याची गट्टी जमली असल्यामुळे बोलला नाही. त्याला जमिनीत भोक पाडून हातपंप बसवता येत होता आणि तेवढंच करायला तो इतक्या लांब आला होता. त्याला मिळालेल्या दोन वर्षांतला मोठा तुकडा अधारतालच्या सिमेंटच्या खेड्यात संपला होता. एक दिवस तो माझ्याशेजारी खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, "भैया, मैं एक भी पंप नहीं लगाके घर गया तो मेरा बाप पूछेगा, काहून गया था?" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तो पास झालाच पाहिजे असं मला तेव्हापासून वाटायला लागलं, पण पटेलाच्या हातात काय असतं?

घरी हे सगळं मी जेवताना तिखटमीठ लावून सांगायचो. वडील हसायचे. आई म्हणायची, पटेल होऊन राहिला होय, मग घरातलं रॉकेल कोण आणते? पण कुंपणाजवळच्या झोपडीचं आणि पाण्याच्या परीक्षेचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिचा हात परातीतच थांबला.

"काहून हसून राहिला?" ती म्हणाली. "त्यायले एक दिवस जेवाले घेऊन ये."

सर आले. कोट घालूनच आले. आमच्या क्वार्टरच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली तर म्हणाले, खुर्ची राहू द्या, आणि मग उभेच राहिले. आईनं माठातलं पाणी तांब्यात काढून पुढे धरलं. मी म्हणणार होतो की सर बाहेरचं पाणी पीत नाहीत, पण तोवर त्यांनी खांद्यावरची बाटली काढून खुंटीला लावली होती. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि संपूर्ण रिकामा केला. आईनं विचारलं, कोणत्या अंगाचं गाव? त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे विहीर तुमचीबी वेगळी असंल. ते म्हणाले, विहीर कुठची, नाल्याच्या वाळूत उकरलेला झिरा होता, आणि उन्हाळ्यात तोही नाही. मग वरणात तिखट चांगलं आहे म्हणाले. मी रांझीत वाढलो. आमच्याकडे नळ होता. नळाला वेळ होती, जात नव्हती. कुंपणाशी ती झोपडी का बांधली हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला सरांचा रागच आला. एवढं माहीत आहे तर पोरांना सरळ सांगत का नाहीत?

मी विचारलंही. ते म्हणाले, "सांगितलं तर लिहून घेतीन बापू, अन् विसरतीन. तहान लागल्यावर जो स्वतः चालत जाईन तोच पोचन."

आणि पीटर पोचला. मे महिना होता, ऊन असं की विहिरीतला नळ सुद्धा गप्प. मी त्याला सगळे प्रश्न विचारले, पेला पुढे केला. त्यानं पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग लांब कुंपणाकडे बघितलं. "वहाँ कोई रहता है?" त्यानं विचारलं. मी पटेलाच्या तोऱ्यात म्हणालो, हैं कुछ लोग. तो म्हणाला, तो पहले उनसे मिल आता हूँ, आणि पेला तसाच ठेवून त्या उन्हातून माळ्याच्या बायकोकडे गेला. तिनं त्याला मडक्यातलं पाणी दिलं. सर छत्री मिटून उभे होते. "पास," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

पनागरच्या पुढे एक गाव होतं, तिथे त्याची नेमणूक झाली. तिथल्या खऱ्या पटेलानं गोरा साहेब येणार म्हणून ओसरी रंगवली, खोली रिकामी केली, सरबत केलं. पीटर जीपमधून उतरला, सगळ्यांना हात जोडले, आणि सरबताला हातही न लावता गाव ओलांडून शेवटच्या घरी गेला आणि तिथल्या म्हातारीकडे पाणी मागितलं. परीक्षेत शिकवलं होतं ते त्यानं शब्दशः केलं. परीक्षेनंतर पटेलाच्या घरी परत कसं जायचं, हा पाठ मात्र सरांच्या अभ्यासक्रमात नव्हता. पटेलानं खोलीला कुलूप लावलं. गावात कोणी त्याला पीठ विकेना. आठवड्याच्या आत त्याला जीपमध्ये घालून अधारतालला परत आणलं गेलं आणि पाठोपाठ भोपाळचे एक अधिकारी आले.

अधिकारी गोड बोलणारे होते. त्यांचं म्हणणं एवढंच की ये लड़के सेवा करने आए हैं, झगड़ा लगाने नहीं. पटेलजी भले माणूस आहेत, ते झालं गेलं विसरायला तयार आहेत. केंद्रप्रमुखानं स्वतः जाऊन दोन शब्द बोलावेत, मुलानं पटेलजींच्या घरी पाणी प्यावं, आणि पंपाचं काम सुरू करावं. नाहीतर मुलाला त्याच्या देशी परत पाठवावं लागेल. पीटरनं सरांकडे बघितलं. सरांचं पोट यावेळी बिघडलं नाही. ते म्हणाले, येतो.

जीपमध्ये ते पुढे बसले, बाटली मांडीवर. पनागर सोडलं तसं त्यांचं टायची गाठ पुन्हा पुन्हा हातानं चाचपणं सुरू झालं. गाव आलं. पटेलानं खरोखरच चांगलं स्वागत केलं. आम्हाला ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पटेलाच्या धाकट्या भावानं पाण्याचे पेले आणून तबकात ठेवले. अधिकारी प्यायले. मी पेल्याला हात लावला नाही. पीटर सरांकडे बघत होता, वर्गात बघायचा तसाच. सरांनी पेल्यावर हात ठेवला, पण उचलला नाही.

"पटेलजी, आपने नाम तो पूछा ही नहीं," ते म्हणाले.

पटेल हसला. साहेबाचं नाव काय विचारायचं, साहेब म्हणजे साहेब. सर म्हणाले, लड़का सीख रहा है, इसके लिए कायदे से पूछिए. मग पटेलानं विचारलं, अगदी माझ्यासारखंच, त्याच क्रमानं. मला वाटलं मीच बोलतोय. सरांनी पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"पिताजी गाँव के कोटवार थे," ते म्हणाले. "गाँव की चौकीदारी करते थे, घर गाँव के बाहर था। अब हम लोग बौद्ध हैं।"

पटेल वाईट काही बोलला नाही. बहुत अच्छी बात है, म्हणाला, आजकाल सब बराबर हैं. मग भावाला म्हणाला, अरे, साहेबांचं पाणी कोमट झालं, गार आण. भावानं तबक उचललं नाही. गमछ्याच्या टोकानं तेवढा एक पेला उचलला आणि आत गेला. तो पेला अजून गार होतो आहे.

आम्ही बसून राहिलो. अधिकारी पिकापाण्याचं बोलायला लागले, पटेल त्यांना गव्हाचं सांगायला लागला. सर आतल्या दाराकडे बघत स्वस्थ बसले होते. वाट बघणं हा त्यांचाच विषय. मला त्या अधिकाऱ्याची गचांडी धरावीशी वाटत होती. शेवटी पीटर उठला, जीपमधली आपली पिशवी खांद्यावर टाकली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागला.

"ये कहाँ चला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"अपनी पोस्टिंग पर," सर म्हणाले, आणि उठले.

अधिकाऱ्यानं अडवलं नाही. एकाच गोऱ्याला एकाच गावातून दुसऱ्यांदा परत का आणलं हे भोपाळला समजावून सांगणं त्याला अवघड गेलं असतं, तेव्हा मुलानं स्वतःच्या मर्जीनं घर बदललं असं ठरलं. पीटर उरलेला सगळा काळ तिथेच राहिला. पहिला पंप त्यानं त्या शेवटच्या घरापाशी बसवला. पटेलाच्या सुना पहिले काही महिने तिकडून जाताना पदर नाकाला लावायच्या. पुढचा मे महिना आला तशा घागरी घेऊन यायला लागल्या, हे त्यानंच मला पुढे सांगितलं. सरांना वर्षभरात दुसऱ्या खात्यात हलवलं. म्हशीचं शिकवणंही बंद झालं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही त्या घराशी पोचलो तेव्हा म्हातारी दारातच होती. पीटरला बघून तिला झालेला आनंद लपत नव्हता. तिनं त्याला लोटाभर पाणी दिलं, मला दिलं. सरांकडे बघितलं आणि तिचा हात थांबला. कोट, टाय, बूट.

"और हमको?" सरांनी विचारलं.

तिनं हात जोडले. "आप कौन लोग हो, साहब? बाद में कोई हमें दोस न दे।"

आणि सर खाली बसले. शेणानं सारवलेल्या त्या अंगणात, इस्त्रीच्या पँटीनिशी, मांडी घालून, पाठ सरळ. इतक्या दिवसांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं, नाव, गाव, बाप कोटवार. पटेलापुढे त्यांचा आवाज शाळामास्तराचा होता, इथे नव्हता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग आम्ही आलो त्या वाटेकडे, पटेलाच्या ओसरीकडे तिनं मान वळवून बघितलं.

"तो फिर पहले इतै आना था, भैया," ती म्हणाली. रागानं नाही. माहेरचं माणूस दारावरून गेलं की बाई म्हणते ना, तसं.

तिनं लोटा दिला. सर दोन्ही हातांनी प्याले, आमच्या घरी प्याले होते तसे, शेवटपर्यंत. मग खांद्यावरची बाटली उघडली, त्यातलं जबलपूरचं पाणी अंगणातल्या तुळशीएवढ्या कसल्याशा झाडाला घातलं आणि बाटली तिच्याकडे भरायला दिली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"नापास," ते मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी म्हणालो, होय सर, पटेल काही पास व्हायचा नाही.

"पटेल काहून, पोट्ट्या? त्याले आपण शिकवलंच कुठं," सर म्हणाले. "मी."